पोप कवी नसेल तर कविता शोधायची कुठे?

प्रश्न असा आला आहे: ‘एम.ए.ला अलेक्झांडर पोप होता. परीक्षेपुरता वाचला. यमकं जुळवून लोकांना टोमणे मारणारा एक कुचकट माणूस, एवढीच आठवण राहिली. त्याला मोठा कवी का मानतात? आणि तीनशे वर्षांनी त्याचं नेमकं काय उरलं आहे?’

मी अठराव्या शतकातली इंग्रजी कविता एकतीस वर्षं शिकवली. हा प्रश्न जवळजवळ दर वर्षी वर्गात कुणीतरी विचारायचंच. विचारणाऱ्याचा दोष मला कधी वाटला नाही, कारण आपल्याकडे पोप शिकवला जातो तोच उलट्या क्रमानं. आधी त्या युगाची लक्षणं, मग उपरोधाचे प्रकार, मग टीकाकारांची मतं, आणि वेळ उरला तर कविता. जो कवी मोठ्यानं वाचल्याशिवाय कळत नाही, त्याच्या वाट्याला मुकी तयारी येते.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. पोप ज्यांच्यावर चिडला होता त्यांतली बरीच माणसं आज केवळ त्याच्या ओळींमुळे माहीत आहेत. त्याचा राग त्याच्या काळाबरोबर गेला. राहिली ती त्याची ओळ घडवण्याची रीत, आणि ती तशी का घडली हे समजायला त्याचं आयुष्य पाहावं लागतं.

पोपचा जन्म २१ मे १६८८चा, लंडनच्या लोंबार्ड स्ट्रीटवरचा. वडील लिननच्या कापडाचे व्यापारी, धर्मानं कॅथलिक. त्याच वर्षअखेरीस कॅथलिक राजा दुसरा जेम्स देश सोडून पळाला आणि इंग्लंडमध्ये कॅथलिकांचे दिवस फिरले. लंडनपासून दहा मैलांच्या आत राहायचं नाही, विद्यापीठात शिकायचं नाही, सरकारी पद मिळणार नाही, जमिनीवरचा कर दुप्पट, पाच पौंडांहून महागडा घोडासुद्धा बाळगायचा नाही. या कायद्यांची अंमलबजावणी दर वेळी कडक नसे, पण ते डोक्यावर टांगलेले असत. पोपचं कुटुंब पुढे विंडसरच्या जंगलाजवळ बिनफिल्डला राहायला गेलं. ऑक्सफर्ड-केंब्रिजचा दरवाजा बंद असल्यामुळे लॅटिन, ग्रीक, फ्रेंच, इटालियन हे सगळं तो बहुतांशी आपलं आपण शिकला. त्याआधी एका शाळेत शिक्षकावर उपरोधिक पद्य लिहिलं म्हणून मार खाऊन बाहेर पडला होता, अशी हकीकत आहे.

बाराव्या वर्षाच्या सुमाराला मणक्याचा क्षय सुरू झाला. पाठ वाकली आणि उंची साडेचार फुटांवर थांबली. पुढे आयुष्यभर डोकेदुखी, धाप, डोळ्यांचा त्रास. समीक्षक डॉ. जॉन्सननं त्याच्या चरित्रात लिहिलं आहे की सकाळी जाड कॅनव्हासची कंचुकी घालून आवळल्याशिवाय त्याला ताठ बसता येत नसे, आणि पाय इतके बारीक होते की तीन-तीन मोज्यांचे जोड चढवावे लागत. (हा जॉन्सन आपल्या ओळखीचा आहे. त्याच्या ‘रासेलस’चं मराठी भाषांतर कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी सुरू केलं आणि विष्णुशास्त्र्यांनी पुरं केलं.) पोपनं स्वतः एका ओळीत ‘हा लांबलेला आजार, माझं आयुष्य’ असं म्हटलं आहे. इंग्रजीत ही ओळ पाठ करून मिरवतात. मला ती कधी मिरवावीशी वाटली नाही, कारण तिच्यात तक्रार नाही. डॉक्टर मित्राचे आभार मानताना ती सहज आली आहे.

तो तेवीस वर्षांचा असताना जॉन डेनिस नावाच्या नामवंत समीक्षकानं छापील पुस्तिकेत त्याला ‘कुबडा बेडूक’ म्हटलं. कारण काय, तर पोपनं १७११ साली ‘एसे ऑन क्रिटिसिझम’ या कवितेत डेनिसच्या तापट स्वभावावर तीन ओळी लिहिल्या होत्या. कवितेला उत्तर शरीरावरून आलं, आणि पुढे तीस-बत्तीस वर्षं हेच चालू राहिलं. त्याच्या विरोधात निघालेल्या पुस्तिकांमध्ये त्याला माकड म्हणून रंगवलेली चित्रंही आहेत. पोपच्या जिभेची धार वाचताना हा संदर्भ मनात ठेवावा. त्यानं त्याचं सगळं वागणं क्षम्य ठरत नाही, त्याबद्दल पुढे लिहितो. पण पहिला दगड कुठून आला ते तरी कळतं.

आता त्याच्या ओळीकडे येतो, कारण खरा मुद्दा तिथे आहे.

पोपनं जवळजवळ सगळं लेखन एकाच छंदात केलं. दोन ओळींची जोडी, प्रत्येक ओळीत दहा अक्षरावयव (म्हणजे उच्चाराचे तुकडे), पाच आघात, शेवटी यमक. मराठी वाचकाला हे समजायला लांब जायला नको. मोरोपंतांची आर्या आठवा. मोरोपंत १७२९चे, म्हणजे पोप वारला तेव्हा पंधरा वर्षांचे. दोघांचा एकमेकांशी काहीच संबंध नाही, पण दोघांनी आयुष्यभर प्रामुख्यानं एकच अरुंद साचा घेतला आणि त्यात रामायण-महाभारत, किंवा होमर, मावून दाखवलं. दोघांना नंतरच्या पिढ्यांनी ‘कृत्रिम’ म्हटलं, आणि तेही त्याच कारणासाठी: हातात इतकी सफाई असलेल्या माणसाला मन असेल यावर लोकांचा विश्वास बसत नाही.

पोपची जोडी कशी चालते ते पाहा. ओळीच्या मध्यावर साधारण चौथ्या ते सहाव्या अवयवानंतर तो एक छोटा थांबा घेतो. त्या थांब्याच्या दोन्ही बाजूंना दोन गोष्टी ठेवतो आणि वाचणाऱ्याच्या कानाला त्या तोलायला लावतो. ‘टु अर इज ह्यूमन, टु फरगिव्ह डिव्हाइन.’ चुकणं माणसाचं, क्षमा करणं देवाचं. ही म्हण आहे असं अनेकांना वाटतं. ती ‘एसे ऑन क्रिटिसिझम’मधली ओळ आहे, आणि ती ज्या जागी येते तिथे समीक्षकांना सांगितलं आहे की दुसऱ्याच्या लेखनातल्या चुका पाहताना चांगुलपणा सोडू नका. ‘अर्धवट विद्या घातक’, ‘देवदूत जिथे पाऊल टाकायला भितात तिथे मूर्ख धावत जातात’ हीसुद्धा त्याच कवितेतली. प्रसिद्ध झाली तेव्हा कवी पुरता तेवीसचाही नव्हता.

त्याच कवितेत एक जागा आहे, जी मी वर्गात नेहमी मोठ्यानं वाचायला सांगत असे. पोप म्हणतो, ध्वनी हा अर्थाचा प्रतिध्वनी वाटला पाहिजे. आणि लगेच करून दाखवतो: ‘व्हेन एजॅक्स स्ट्राइव्ह्ज सम रॉक्स व्हास्ट वेट टु थ्रो.’ एजॅक्स हा ग्रीक वीर प्रचंड धोंडा फेकायला धडपडतो आहे. ही ओळ भरभर म्हणूनच दाखवा. ‘स्ट्राइव्ह्ज’, ‘रॉक्स’, ‘व्हास्ट’ या व्यंजनांच्या गर्दीत जीभ अडखळते, जणू धोंडा तोंडातच आहे. पुढच्याच जोडीत कॅमिला नावाची वीरांगना धान्याच्या शेतावरून पीक न वाकवता धावत जाते, आणि ओळ हलकी होते. हे योगायोगानं होत नाही. ‘लिहिण्यातली सहजता कसबातून येते, नशिबानं नव्हे, नाचायला शिकलेल्याचंच चालणं सहज असतं’, हीही त्याच कवितेतली जोडी. पाठीचा कणा वाकलेल्या, नाचणं ज्याच्या नशिबातच नव्हतं अशा तरुणानं ही उपमा निवडली आहे. मला दर वेळी इथे थांबावंसं वाटतं.

‘द रेप ऑफ द लॉक’ ही त्याची सर्वोत्तम कविता आहे असं माझं मत आहे. आधी नावाबद्दल, कारण विद्यार्थी इथेच अडखळतात. इथला ‘रेप’ हा शब्द हिसकावून नेणं या अर्थाच्या लॅटिन धातूवरून आला आहे. ‘बटेचं अपहरण’ म्हणा. घटना खरी आहे. लॉर्ड पीटर या तरुण सरदारानं आराबेला फर्मर नावाच्या तरुणीच्या केसांची एक बट तिच्या परवानगीशिवाय कापली. दोन्ही घराणी कॅथलिक, दोघांत वितुष्ट आलं. जॉन कॅरिल या दोन्हीकडच्या स्नेह्यानं पोपला सुचवलं की यावर काहीतरी हलकंफुलकं लिही, म्हणजे माणसं हसतील आणि पुन्हा बोलू लागतील. १७१२ साली दोन सर्गांची कविता छापून आली. १७१४ साली ती पाच सर्गांची झाली आणि चार दिवसांत तीन हजार प्रती खपल्या.

विडंबन म्हटलं की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर अत्र्यांची ‘झेंडूची फुले’ येतात. तिथे टोपी उडवली जाते ती कवींची आणि त्यांच्या लकबींची. पोप वेगळं करतो. तो महाकाव्याची थट्टा करत नाही. होमर आणि व्हर्जिल त्याला देवासारखे आहेत. तो महाकाव्याची भलीमोठी मोजपट्टी घेतो आणि तिनं लंडनच्या दिवाणखान्यातलं आयुष्य मोजतो. वीर चिलखत चढवतो तसा इथे बेलिंडाचा, म्हणजे कवितेतल्या आराबेलाचा, शृंगार होतो. रणभूमीच्या जागी पत्त्यांचं हिरवं टेबल. शत्रूवर विजय म्हणजे ‘ऑम्बर’ या खेळातला बदामच्या राजानं वाचवलेला शेवटचा हात. मग कॉफी दळली जाते, चिनी मातीच्या पेल्यांत ओतली जाते, आणि तिच्या वाफेनं सरदाराच्या डोक्यात नवा डाव येतो. कात्री पुढे सरकते. बेलिंडाचं रक्षण करणारा एक अदृश्य वायुदेह मध्ये येतो आणि कापला जातो, पण तो हवेचाच असल्यामुळे लगेच पुन्हा जुळतो.

या कवितेतली एक युक्ती मराठीत जशीच्या तशी चालते. आज काहीतरी अरिष्ट येणार आहे, पण कोणतं ते रक्षकांना माहीत नाही. बेलिंडाच्या शीलाला डाग लागेल, की तिच्या नव्या जरीच्या पोशाखाला? ती हृदय हरवून बसेल, की गळ्यातला हार? ‘डाग लागणे’ आणि ‘हरवणे’ ही क्रियापदं आपल्याकडेही दोन्ही अर्थांनी वापरतात, म्हणून मराठी विद्यार्थ्याला ती जागा चटकन कळते. एका क्रियापदाखाली पोप दोन वस्तू ठेवतो, एक अमोल आणि एक बाजारात मिळणारी, आणि त्या समाजाला दोन्ही सारख्याच वाटतात हे त्याला वेगळं सांगावं लागत नाही. मग अचानक अशी जोडी येते: भुकेले न्यायाधीश घाईनं शिक्षेवर सही करतात, आणि पंचांना जेवायला वेळेवर जाता यावं म्हणून दुर्दैवी माणसं फासावर चढतात. पत्त्यांचा डाव आणि फासाचा दोर, दोन्हीला तेवढीच जागा.

बेलिंडाच्या शृंगारमेजावरच्या एका पेटीतून ‘भारताची झळाळती रत्नं’ बाहेर येतात आणि दुसऱ्या पेटीतून अरबस्तानचा सुगंध. कासव आणि हत्ती यांच्या कवचा-दातांच्या फण्या होतात. १६६८पासून मुंबई बेट ईस्ट इंडिया कंपनीकडे होतं. त्या व्यापाराचं दुसरं टोक म्हणजे हे टेबल. पोपला हे वैभव सुंदर दिसतं, आणि त्याच वेळी एका मुलीच्या सकाळसाठी सगळी पृथ्वी राबते आहे हेही तो दाखवतो. वीस वर्षांनी, १७३३ साली, तो याच विषयावर फार कडवट झाला. ‘एपिसल टु बॅथर्स्ट’ या पत्रकाव्यात चार ओळी आहेत: झोपलेल्या उघड्या भारतीयाजवळून कंपनीच्या एका ‘प्रामाणिक’ गुमास्त्यानं हिरा चोरला, तो एका सरदाराकडे गहाण ठेवला, आणि सरदारानं तो स्वतःकडेच ठेवून घेतला. मद्रासचा गव्हर्नर थॉमस पिट यानं गोवळकोंड्याच्या मुलखातला अवाढव्य हिरा मिळवून फ्रान्सच्या राजघराण्याला विकला होता, त्याकडे हा रोख आहे. तो हिरा आज पॅरिसच्या लुव्र संग्रहालयात आहे. कंपनीच्या माणसांना चोर म्हणणारी इंग्रजी कविता इतक्या लवकर लिहिली गेली होती, हे आपल्याकडे क्वचितच सांगितलं जातं.

‘रेप ऑफ द लॉक’मध्ये पोपनं १७१७ साली एक भाषण घातलं. क्लॅरिसा ही कवितेतली दुसरी स्त्री बेलिंडाला सांगते की रूप टिकत नाही, केस पांढरे होणार, देवी येऊन चेहरा बिघडेल, तेव्हा स्वभाव सांभाळ. देवीचा उल्लेख साधा वाटतो. पण ज्यानं बट कापली तो लॉर्ड पीटर १७१३ सालीच, ऐन तरुणपणी, देवीनंच वारला होता. हे माहीत नसतानाही कविता हसवते. माहीत झाल्यावर त्या हसण्याखाली वेगळा तळ लागतो.

पोपच्या स्वातंत्र्याचा पाया मात्र पैशांचा होता, आणि याबद्दल साहित्याचे लोक फार कमी बोलतात. तोवर कवी म्हणजे कुणा उमरावाच्या आश्रयाला. पोपला सरकारी नेमणूक मिळणं कायद्यानंच अशक्य होतं. त्यानं होमरच्या ‘इलियड’चं भाषांतर हाती घेतलं आणि वर्गणीदार गोळा केले. सहा खंड, प्रत्येकी एक गिनी (पौंडाहून थोडं जास्त), १७१५ ते १७२० या काळात. पावणेसहाशेच्या आसपास वर्गणीदार झाले. प्रकाशक लिंटॉट प्रत्येक खंडासाठी वेगळे २०० गिनी देत होता आणि वर्गणीदारांच्या प्रतींचा खर्चही त्याचाच. एकूण प्राप्ती पाच हजार पौंडांच्या वर गेली. ‘होमरच्या कृपेनं जगतो आहे, कोणत्याही राजाचा की उमरावाचा देणेकरी नाही’, असं त्यानं पुढे लिहिलं ते हिशेब करूनच. (‘ओडिसी’च्या वेळी त्यानं निम्मं काम दोन सहकाऱ्यांकडून करून घेतलं आणि त्यांचा वाटा जगाला पुरेसा सांगितला नाही. ते त्याला शोभलं नाही.)

या भाषांतराचा मसुदा ब्रिटिश लायब्ररीत आहे. तो कोऱ्या कागदांवर नाही. आलेल्या पत्रांच्या मागच्या बाजूला, पाकिटांच्या रिकाम्या जागेत लिहिलेला आणि ओळीवर ओळ खोडलेला आहे. त्याचा लेखक मित्र स्विफ्ट त्याला ‘कागद वाचवणारा पोप’ म्हणायचा. त्यातल्या खाडाखोडीची छायाचित्रं मी वर्गात दाखवत असे. ‘सहज’ या शब्दाची किंमत त्या पानांवर दिसते.

या पैशांतून १७१९ साली त्यानं टेम्सकाठी ट्विकनहॅमला घर घेतलं. कॅथलिक असल्यानं विकत घेता येत नव्हतं, म्हणून भाडेपट्ट्यानं. घर आणि बाग यांच्या मधून रस्ता जात होता, त्याखालून त्यानं भुयार खणलं आणि त्याची शिंपले, खनिजं, आरसे लावलेली गुहा केली. बागेबद्दलचा त्याचा सल्ला, ‘त्या जागेच्या आत्म्याला विचारून काम करा’, आजही वास्तुरचनाकार वापरतात. बागेत आईच्या नावाचा स्तंभ होता. आई १७३३ साली नव्वदी ओलांडून गेली. तोवर आजारी मुलानं तिची सेवा केली. कुचकट म्हणताना हा माणूसही लक्षात असावा.

आता ज्यामुळे त्याला कुचकट म्हणतात त्याकडे. १७२५ साली पोपनं शेक्सपियरच्या नाटकांची आवृत्ती काढली. पाठशोधनाचं चिकट काम त्याच्या स्वभावाचं नव्हतं. पुढच्याच वर्षी लुइस थिओबाल्ड या अभ्यासकानं त्यातल्या चुका दाखवणारं अख्खं पुस्तक लिहिलं. थिओबाल्ड बहुतेक ठिकाणी बरोबर होता. ‘पाचवा हेन्री’ नाटकात मरणाऱ्या फॉल्स्टाफच्या तोंडी हिरव्या कुरणांची बडबड येते, ती त्यानं केलेल्या दुरुस्तीमुळे, आणि ती आजही छापली जाते. पोपनं उत्तर म्हणून १७२८ साली ‘डन्सियड’ लिहिली आणि थिओबाल्डला मूर्खपणाच्या राज्याचा राजपुत्र केलं. १७४३च्या आवृत्तीत त्या गादीवर राजकवी कॉली सिबरला बसवलं.

या कवितेबद्दल माझं मत अनेक वर्षं बदलत गेलं. तिच्यात भाड्यानं लिहिणाऱ्या गरीब लेखकांच्या भुकेची, फाटक्या कपड्यांची थट्टा आहे. ज्याला स्वतःच्या शरीरावरून हिणवलं गेलं त्यानं दुसऱ्याच्या दारिद्र्यावर हसावं, हे मला आजही खुपतं. तसंच लेडी मेरी वर्टली माँटेग्यूचं. देवीवरची टोचणी तुर्कस्तानात पाहून ती इंग्लंडमध्ये रुजवायला झटलेली ही बाई आधी त्याची मैत्रीण होती. नंतर बिनसलं, आणि त्यानं तिच्याबद्दल अतिशय घाण ओळी लिहिल्या. त्यांची सफाई वाखाणून मला ते झाकायचं नाही.

पण ‘डन्सियड’चा चौथा भाग, १७४२चा, वेगळ्याच उंचीचा आहे. तिथे व्यक्तींवरचा राग मागे पडतो. शाळा शब्द पाठ करून घेतात आणि विचार बंद करतात, विद्वान स्वल्पविरामांवर भांडतात, राजकारणी विकले जातात, आणि शेवटी एकेक दिवा विझत जाऊन सगळ्यावर अंधार पडतो. स्वस्त छपाईनं निकृष्ट मजकुराचा पूर आला की काय होतं, हे पाहिलेल्या माणसानं ते लिहिलं आहे. हसवत सुरू झालेली कविता अशी संपते की वर्गात त्यानंतर काही बोलता येत नसे.

याच्या जोडीला वाचावी ती १७३५ची ‘एपिसल टु डॉ. आर्बथनॉट’. आर्बथनॉट हा त्याचा वैद्य आणि मित्र. स्विफ्ट, गे, पार्नेल यांच्या ‘स्क्रिब्लेरस’ या लेखकमंडळातला. तो त्या वेळी मरणाला टेकला होता. इथे ‘ॲटिकस’ या नावाखाली जोसेफ ॲडिसनचं चित्र आहे. ॲडिसन मोठा निबंधकार. पोपचं ‘इलियड’ आलं त्याच आठवड्यात ॲडिसनच्या गोटातल्या माणसाचं स्पर्धक भाषांतर बाजारात आलं होतं, त्याची ही जखम. मिळमिळीत स्तुतीनं मारायचं, सभ्यपणे मान डोलवायची, स्वतः नाक न मुरडता इतरांना नाक मुरडायला शिकवायचं. घाव घालायची इच्छा, पण हात उचलायची भीती. कार्यालयात, संपादक मंडळात, साहित्य संस्थेत असा माणूस आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो. ॲडिसनच्या गुणांची यादी पोपनं आधी प्रामाणिकपणे दिली आहे, म्हणून घाव खोल जातो. आणि चित्र संपतं ते असं: असा कुणी असेल तर कोण हसणार नाही? पण तो ॲटिकसच निघाला, तर कोणाला रडू येणार नाही? पोपला मी मोठा कवी म्हणतो तो या ‘रडू’साठी. ज्याच्यावर लिहिलं तो आधी आदराच्या जागी होता, हे त्या एका शब्दात उरलं आहे.

डेनिसचंही सांगायला हवं. ‘कुबडा बेडूक’ म्हणणारा हा समीक्षक म्हातारपणी आंधळा आणि निष्कांचन झाला. १७३३च्या डिसेंबरात त्याच्या मदतीसाठी नाटकाचा प्रयोग झाला, तेव्हा प्रास्ताविक पद्य पोपनं लिहून दिलं. त्यात चिमटे आहेतच, पण त्यानं ते लिहिलं. काही आठवड्यांत डेनिस वारला.

उरलं काय, या प्रश्नाचं एक उत्तर न्यायालयात आहे. एडमंड कर्ल हा चोरटी पुस्तकं छापणारा प्रकाशक पोपचा जुना वैरी. आपली पत्रं प्रसिद्ध करणं त्या काळी आत्मप्रौढी मानलं जाई, म्हणून पोपनं १७३५ साली आडून डाव रचून ती कर्लच्या हाती पडू दिली आणि मग आरडाओरडा केला. पण १७४१ साली त्यानं कर्लवर खरा दावा लावला, आणि लॉर्ड हार्डविकनं निकाल दिला: पत्राचा कागद ज्याला पाठवला त्याचा, पण छापण्याचा हक्क लिहिणाऱ्याचा. कॉपीराइटच्या कायद्यात हे तत्त्व आजही उभं आहे.

बाकी वारसा विखुरलेला आहे. हँडेलच्या ‘सेमिली’मधलं ‘व्हेअर एअर यू वॉक’ हे गाणं पोपच्या गोपगीतातलं. न्यूटनवरचा तो दोन ओळींचा समाधिलेख, ‘देव म्हणाला, न्यूटन होऊ दे, आणि सगळा प्रकाश झाला’, तोही त्याचाच. २००४च्या ‘इटर्नल सनशाइन ऑफ द स्पॉटलेस माइंड’ या चित्रपटाचं नाव त्याच्या ‘एलोइसा टु अबेलार्ड’मधून आलं. १९६७ साली मिक जॅगरला अमली पदार्थांच्या किरकोळ गुन्ह्यासाठी तुरुंगवास सुनावला, तेव्हा लंडनच्या ‘टाइम्स’नं अग्रलेखाला मथळा दिला: ‘फुलपाखराला चक्रावर कोण मोडतं?’ ती ‘आर्बथनॉट’मधली ओळ. आणि ‘रेप ऑफ द लॉक’च्या शेवटी बट आकाशात जाऊन तारा होते, तर युरेनसच्या उपग्रहांत आज एक अम्ब्रिएल आहे आणि एक बेलिंडा. दोघेही या कवितेतले.

वर्ड्‌स्वर्थच्या पिढीनं त्याला बाजूला सारलं. ‘एसे ऑन मॅन’मधलं ‘जे आहे ते योग्यच आहे’ हे तत्त्वज्ञान मलाही पटत नाही, लिस्बनच्या भूकंपानंतर व्हॉल्टेरनंही ते झोडपलं. पण बायरन मात्र आयुष्यभर पोपच्या बाजूनं भांडला. आणि जॉन्सननं विचारलेलं कुणाला खोडता आलं नाही: पोप कवी नसेल, तर कविता शोधायची कुठे?

३० मे १७४४ला तो ट्विकनहॅमला वारला. वेस्टमिन्स्टर ॲबी नाकारून आई-वडिलांच्या स्मारकाजवळ तिथल्याच चर्चमध्ये पुरला गेला. घर १८०७-०८मध्ये नव्या मालकिणीनं पाडलं, बघायला येणाऱ्यांचा तिला त्रास होत होता. गुहा मात्र राहिली.

तुम्ही आता पुन्हा सुरुवात करणार असाल तर ‘रेप ऑफ द लॉक’चा तिसरा सर्ग घ्या. पहिल्या वाचनात तळटिपा उघडू नका. दार लावून मोठ्यानं वाचा, ओळीच्या मध्यावर श्वास घ्या. सातव्या-आठव्या ओळीत राणी ॲन भेटेल, जी हॅम्प्टन कोर्टच्या राजवाड्यात कधी मसलत घेते आणि कधी चहा. तिथे ‘टी’ या शब्दाचा उच्चार ‘टे’ असा करा, पोपच्या काळी तो तसाच होता, आणि मग ‘ओबे’शी यमक जुळेल.